कारागिराच्या वेळेचं मोल

निवृत्तीनंतर मी साताऱ्याहून मिरजेला लाकडावरची नक्षी शिकायला जाते. सतारमेकर गल्लीतले कारागीर तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बसणारी लाकडी पानं कोरतात. ते नवख्याच्या हाती लगेच पटाशी देत नाहीत. आधी फळीतल्या रेषा कुठल्या दिशेनं धावतात ते ओळखायला लावतात. रेषेविरुद्ध पटाशी घातली की नको तिथं ढलपी उडते. हे नुसत्या व्हिडिओतून हातात उतरत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान वाटला. पण हौशी माणसांना शिकवण्यात या मंडळींचा कमाईचा वेळ जातो आणि आपण तो फुकट घेतो, हे मला पटत नाही. सांगली-मिरजेच्या महापालिकेनं रविवारचे वर्ग काढावेत, कारागिरांना मानधन द्यावं. तोवर मी फी देते. ते संकोचतात, तरीही देते.