पावलांची वीज आणि तिचा हिशेब

शालेय विज्ञान-प्रदर्शनांतून अलीकडे एक प्रतिकृती हमखास आढळते. फळीवर पाय पडला की चिमुकला दिवा लुकलुकतो, आणि खाली फलक असतो: ‘पावलांच्या विजेने शहर उजळेल!’ दिव्याचे आम्हांस कौतुक आहे. फलकाविषयी मात्र तक्रार आहे.

विद्यार्थिमित्रहो, हिशेबच मांडू या. ६० किलो वजनाच्या मनुष्याच्या पावलाखाली फरशी ५ मिलिमीटर दबली, तर फार तर ३ ज्यूल ऊर्जा हाती येईल. तेवढ्यात १० वॅटचा दिवा अर्धा सेकंदही जळावयाचा नाही. शिवाय ती फुकटची नव्हेच. चालणाऱ्याच्या सकाळच्या पेजेतून ती येते. मिरामारच्या वाळूत चालून ज्याच्या पोटऱ्या भरून आल्या, त्याला हे निराळे समजावून देण्याचे कारण नाही.

मग ही विद्या टाकाऊ काय? मुळीच नाही. स्फटिकावर दाब दिला असता त्याच्या पृष्ठांवर विद्युत्भार प्रकटतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली पॅरिसमध्ये दाखविले. अशा द्रव्याची पट्टी कंप पावणाऱ्या वस्तूवर बसविली की थोडी वीज मिळते. परंतु साधी पट्टी झोपाळ्यासारखी. तिच्या ठरलेल्या लयीत झोका मिळाला तरच ती रंगात येते. पुलाचा कंप मात्र कधी संथ, कधी द्रुत. यावरची तोड मोठी गमतीची आहे. पट्टीच्या टोकाशी एक लोहचुंबक बसवावयाचा व समोर त्याला दूर लोटणारा दुसरा ठेवावयाचा. मध्ये थारा न उरल्याने पट्टी या किंवा त्या बाजूस विसावते, आणि पुरेसा धक्का बसताच पलीकडे उडी घेते. लय थोडीफार बदलली तरी तिचे अडत नाही. इटलीतील पेरूजा येथील संशोधकांनी असा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध केला. धक्का दुबळा असेल तर मात्र पट्टी एकाच बाजूस कुरकुरत राहते, हेही सांगितले पाहिजे.

ही वीज बहुधा वॅटच्या सहस्रांशाइतकी किंवा त्याहूनही कमी. तथापि तेवढ्यावर पुलाच्या पोटातील लहानसे मापकयंत्र अधूनमधून जागे होऊन आपला निरोप धाडू शकते. बॅटरी बदलावयास कोणी वर चढावे लागत नाही. १९८६ साली मांडवीवरील नेहरू पूल कोसळलेला पाहणाऱ्या गोमंतकात पुलांच्या प्रकृतीची विचारपूस हा शहर उजळविण्याहून हलका विषय खास नव्हे.

परीक्षकांस आमची विनंती अशी की, येत्या प्रदर्शनात त्या फलकास गुण देऊ नयेत. ज्या मुलाने दिव्याखाली ज्यूल आणि सेकंद लिहून ठेविले असतील, त्याचा दिवा ऐनवेळी लागला नाही, तरी त्यालाच पारितोषिक द्यावे.