सकाळी माऊली, संध्याकाळी वैरीण

मागच्या रविवारी विहारातून निघताना एका मावशींनी आम्हाला बाजूला घेतले. तक्रार पोरीची. वय बावीस. "भाऊ, सकाळी गळ्यात पडून म्हणते, आई, तुझ्यावाचून मला कोणी नाही. संध्याकाळी कामावरून यायला अर्धा तास उशीर झाला, की मीच तिची वैरीण! मैत्रिणींचंही तेच. आज जिवाची, उद्या तोंड बघायचं नाही." शेजारणीने भगताचा पत्ताही देऊन ठेवला होता म्हणे!

आम्ही पडलो कारकून. आजार ओळखणे हे मानसोपचार डॉक्टरांचे काम. पण असे वागायला लावणारा 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' नावाचा एक आजार आहे, एवढे सांगितले. हे नाटक नव्हे. आपले माणूस सोडून जाईल ही धास्ती मनात सतत असते. म्हणून माणूस एकतर पूर्ण चांगला, नाहीतर पूर्ण वाईट; मधले खातेच नाही. 'आईची माया आहे' आणि 'आईला आज उशीर झाला' या दोन नोंदी एका वहीत बसत नाहीत. राग चटकन भडकतो, ओसरायला वेळ लागतो. कित्येकजण स्वतःला इजाही करून घेतात.

अमेरिकेतील मार्शा लिनेहान १९६१ साली, सतराव्या वर्षी, मनोरुग्णालयात दाखल झाल्या. दोन वर्षांहून अधिक काळ तेथे काढला, विजेचे शॉकही सोसले. पुढे त्याच मानसशास्त्रज्ञ झाल्या आणि १९९३ साली 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी' या उपचारावर ग्रंथ लिहिला. आपली हकीगत मात्र २०११ साली जगासमोर सांगितली. उपचाराचे मर्म असे: 'तू आहेस तशी मान्य आहेस' आणि 'तुला बदलायला हवे', दोन्ही एकाच वेळी खरे. त्यातली सजगतेची साधना त्यांनी झेन बौद्ध परंपरेतून घेतली. आपण जिला सति म्हणतो, तीच.

घरच्यांनी काय करावे? पोर भडकली असताना हिशेब मांडू नये. "तुला भीती वाटली ना" एवढे आधी म्हणावे. "पण भांडी फेकायची नाहीत" हे नंतर, तेही ठामपणे. मरणाची भाषा केली तर धमकी समजून सोडू नये. सरकारची 'टेली मानस' सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, फुकट, मराठीतही बोलता येते.

मावशी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सकाळचं खोटं नव्हतं?"

नव्हते, आम्ही म्हटले.

मंगळवारी सरकारी दवाखान्यात जायचे ठरले आहे. पोरगी तयार झाली तर.