मुंबईचे तिकीट आणि कलम ९३

बंगळुरूहून मुंबईला जाण्यासाठी कोणते वाहन घ्यावे, हा प्रश्न आरक्षणाच्या काउंटरवर रोज विचारला जातो, आणि त्याला मिळणारे उत्तर भाडे, वेळ व एजंटाचे कमिशन या तीन गोष्टींपलीकडे सहसा जात नाही. रस्त्याने सुमारे हजार किलोमीटरचा हा प्रवास तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी आणि बेळगाव मागे टाकत निपाणीच्या पुढे कोगनोळीपाशी राज्याची हद्द ओलांडतो व कोल्हापूर, सातारा, पुण्यावरून मुंबईत पोचतो. या हद्दीवर गाडीचा चालक, आसने आणि प्रवासी तेच राहतात, परंतु तिच्याकडे कर मागणारे खाते आणि तिचा परवाना तपासणारा अधिकारी बदलतो. या महिन्यात आपल्या एजंट-संघटनेच्या मासिकाकडे आलेल्या पत्रांत भाडेवाढीविषयी फारसे कोणी लिहिलेले नाही. मध्यरात्री अडवून ठेवलेल्या गाड्या, तिकिटावर एक आणि पिकअपला दुसरीच उभी राहिलेली बस, बोरिवलीचे भाडे घेऊन वाशीला उतरवलेली कुटुंबे यांविषयी मात्र पानेच्या पाने आहेत. या सर्व तक्रारींचे मूळ एकच असून ते व्यवसायातल्या प्रत्येकाला पाठ आहे. त्यावर बोलायला कोणी तयार नसते, एवढेच.

विमानाचा विचार थोडक्यात आटोपता येतो. देवनहळ्ळीजवळचा विमानतळ मे २००८ मध्ये सुरू झाल्यापासून पावणेदोन तासांचे उड्डाण घरापासून घरापर्यंत मोजले तर सहा-सात तासांचे होते, हे बनशंकरी किंवा राजराजेश्वरीनगरात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून व्यापारी उड्डाणे सुरू झाल्याने ‘मुंबई’ या एका नावाखाली आता दोन विमानतळ येतात: सांताक्रूझ-अंधेरीकडच्या जुन्या विमानतळाचा संकेत ‘बीओएम’, तर नव्याचा ‘एनएमआय’. पनवेल, खारघर किंवा पुण्याकडे जाणाऱ्याला नवा विमानतळ वरदान आहे आणि दहिसरच्या माणसाला तो शिक्षा आहे. दोनशे रुपये स्वस्त दिसले म्हणून न विचारता दुसरे तिकीट काढून देणाऱ्या एजंटाने, उतरल्यावर ग्राहकाने भरलेले टॅक्सीचे भाडे एकदा विचारून पाहावे.

रेल्वेची स्थिती याहून विचित्र आहे. उद्यान एक्सप्रेस ही रोजची गाडी गुंटकल, रायचूर, वाडी, कलबुर्गी, सोलापूर, पुणे असा वळसा घेत जवळजवळ पूर्ण एक दिवस-रात्र खाते. हुबळीमार्गे जाणाऱ्या स्वतंत्र सुपरफास्ट गाडीची मागणी सुमारे तीन दशके रेंगाळली आणि तिला मंजुरी मिळाल्याची घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. दरम्यान वंदे भारत गाड्यांचे उद्घाटन-सोहळे होत राहिले. मुंबई-सोलापूर वंदे भारत फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि कलबुर्गी-बंगळुरू वंदे भारत मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. एक रात्री उशिरा सोलापुरात थांबते, दुसरी पहाटे कलबुर्गीहून सुटते, आणि मधल्या सुमारे ११० किलोमीटरच्या टापूत, म्हणजे नेमक्या राज्याच्या हद्दीवर, दोहोंचा मेळ बसत नाही. दोन राजधान्यांना जोडणाऱ्या मार्गाची दोन्ही टोके वेगवान करून मधला तुकडा तसाच सोडणाऱ्या नियोजनाला काय म्हणावे, हे रेल्वे मंडळानेच सांगावे. त्यातच १ जुलै २०२५ पासून तत्काळ आरक्षणात, म्हणजे प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडणाऱ्या कोट्यात, अधिकृत एजंटांना पहिला अर्धा तास बंदी झाली: वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० ते १०.३० आणि इतर वर्गांसाठी ११ ते ११.३०. तिकिटांचा काळाबाजार रोखण्याचा हेतू रास्त असला, तरी ज्यांच्या परवान्याची नोंद रेल्वेकडे आहे त्यांनाच दाराबाहेर उभे करण्याचा परिणाम असा झाला की साडेदहाला पडद्यावर केवळ वेटिंग दिसते आणि एजंट ग्राहकाला स्लीपर बसकडे वळवतो. निवड ग्राहकाची म्हणायची. ती केलेली असते खिडकीच्या वेळेने.

खरा घोळ या बसपाशी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रवासी गाड्यांचे दोन प्रकार मानतो. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या थांब्यांवर, प्रत्येक प्रवाशाकडून वेगळे भाडे घेऊन चालणारी ती टप्पा वाहतूक; आणि संपूर्ण गाडी एका कराराने घेऊन, करारात नसलेल्या प्रवाशाला वाटेत न चढवता-उतरवता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारी ती कंत्राटी वाहतूक. पहिल्या प्रकारासाठी दोन राज्यांमध्ये कलम ८८ खालील परस्पर करार लागतो, त्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, आणि फेऱ्यांची संख्या त्यात ठरते. व्यवहारात हा मार्ग दोन्हीकडच्या राज्य परिवहन महामंडळांचा राहिला आहे. खासगी मालकासाठी दुसरा मार्ग उरतो, तो अखिल भारतीय पर्यटक परवान्याचा, ज्याचे सध्याचे नियम १ मे २०२३ पासून लागू आहेत व ज्याचे शुल्क एकदा केंद्रीय व्यवस्थेत भरले की ते राज्यांत वाटले जाते. या परवान्यावरची गाडी कायद्याच्या दृष्टीने सहलीची असते, तिच्यात प्रवाशांची यादी असावी लागते, आणि त्या यादीत प्रत्येकाचे निघण्याचे व पोचण्याचे ठिकाण लिहिलेले असावे लागते.

आता ही यादी प्रत्यक्षात कशी असते ते पाहावे. कलासीपाळ्यातल्या कार्यालयात संध्याकाळी सातला एक कागद छापून निघतो. आनंदराव सर्कलला त्यात चार नावे हाताने वाढतात, यशवंतपूर आणि गोरगुंटेपाळ्याला आणखी सहा, आणि तुमकूरच्या बाह्यवळणावर फोनवरून आलेल्या दोन सीट चालकाच्या डोक्यात राहतात, कागदावर येत नाहीत. मुंबईच्या गाडीत हुबळीचा विद्यार्थी, बेळगावचा व्यापारी आणि कोल्हापूरचे जोडपे शेजारी-शेजारी बसलेले असतात. आरक्षणाच्या ॲपवर या गाडीचे प्रत्येक बोर्डिंग पॉइंट मिनिटासकट जाहीर असते, म्हणजे परवान्याच्या अटीचा भंग वेळापत्रकासह छापलेला असतो, आणि तो पाहण्यासाठी परिवहन खात्याला रस्त्यावर उतरण्याचीही गरज नाही. तरीही वर्षाचे दहा महिने कोणी काही बोलत नाही. दिवाळीच्या तोंडावर किंवा एखाद्या मोठ्या अपघातानंतर मात्र अचानक पथके उभी राहतात, रात्री दोन वाजता गाडी बाजूला घेतली जाते, दंडाची पावती फाडली जाते आणि गाडी तेच प्रवासी घेऊन पुढे जाते. दंडाने दोष दूर होत नसेल आणि दोषामुळे गाडी थांबतही नसेल, तर त्या पावतीला टोल म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

कर्नाटकाला हा प्रश्न नवा नाही. १९७६ मध्ये या राज्याने कायदा करून कंत्राटी गाड्या ताब्यात घेतल्या आणि खासगी कंत्राटी वाहतुकीचे दार जवळजवळ बंद केले. २००३ मध्ये तो कायदा रद्द झाला, आणि ते रद्द करणे वैध असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. दार उघडले, पण आतल्या खोलीची रचना १९८८ च्या अधिनियमातलीच राहिली. खासगी गाडीला सीटवार तिकीट विकू द्यायचे असेल तर फेऱ्या, थांबे आणि जबाबदारी ठरवून तसा परवाना द्यावा, आणि द्यायचा नसेल तर ॲपवरची विक्री थांबवावी. दोन्ही राज्यांच्या परिवहन मंत्र्यांना यांतले काहीच करायचे नाही, कारण पहिल्याने महामंडळे दुखावतात आणि दुसऱ्याने सणाला मतदार घरी पोचत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये या गोंधळाने दक्षिणेत टोक गाठले. पर्यटक परवान्याचे शुल्क भरलेले असतानाही शेजारची राज्ये आपापला वेगळा कर आणि दंड वसूल करतात, या कारणावरून तमिळनाडूच्या खासगी बसमालकांनी केरळ व कर्नाटकाकडे जाणाऱ्या गाड्या बंद ठेवल्या. मालकांची बाजू चुकीची नव्हती. परंतु नागालँड किंवा अरुणाचल प्रदेशाचे पासिंग करून आयुष्यभर बंगळुरूतच धावणाऱ्या गाड्यांचे मालकही त्याच ओरडणाऱ्यांत होते, हे विसरता येत नाही. वस्तू व सेवा कराने जुलै २०१७ मध्ये विक्रीकराचे नाके उठवले. परवान्याचा नाका मालकांच्या चलाखीने आणि खात्यांच्या लोभाने जिवंत ठेवला आहे.

महामंडळाची बस या भानगडीतून मुक्त आहे, पण तिची अडचण वेगळी. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ वाहकाला झालेल्या मारहाणीनंतर चित्रदुर्गात बंगळुरूहून मुंबईला निघालेली महाराष्ट्राची एसटी अडवून चालकाच्या तोंडाला काळे फासण्यात आले, आणि दोन्ही बाजूंच्या फेऱ्या काही दिवस बंद पडल्या. महामंडळाच्या गाडीचा परवाना चोख असतो, मात्र तिच्या अंगावर राज्याचे नाव रंगवलेले असते.

भाड्यातले शे-दोनशे रुपये वाचवणाऱ्या ग्राहकाला हे सारे सांगून उपयोग काय, असे विचारणाऱ्या सभासदांनी दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. १४ नोव्हेंबर २०१३ रोजी बंगळुरूहून मुंबईला निघालेली खासगी व्होल्वो हावेरीजवळ पेटली आणि ७ प्रवासी गेले. २४ ऑक्टोबर २०२५ रोजी हैदराबादहून बंगळुरूला येणारी स्लीपर बस कर्नूलजवळ जळाली आणि १९ प्रवासी गेले. या गाडीचे पासिंग बाहेरच्या राज्याचे होते आणि तिच्या सामानकक्षात मोबाइल फोनचे पार्सल असल्याचे तपासात पुढे आले. स्लीपर गाडीची बांधणी कशी असावी, आपत्कालीन दारे किती व कोठे असावीत, हे ‘एआयएस-११९’ या मानकात लिहिलेले आहे. बसायच्या गाडीत पुढे बर्थ ठोकून केलेली स्लीपर त्या मानकात बसतेच असे नाही, आणि ते कागदावर पाहिल्याशिवाय कळत नाही. परवान्याविना चाललेल्या वाहनाच्या बाबतीत विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी व नंतर मालकाकडून वसूल करावी, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घातला असला, तरी परवान्याचा वाद निघाला की दावा न्यायाधिकरणात लांबतो, आणि त्या काळात मृताचे कुटुंब ज्याच्या दारात येते तो तिकीट विकणारा एजंट असतो.

येथे आपल्याच घरात पाहणे भाग आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ९३ नुसार सार्वजनिक वाहनांची तिकिटे विकणाऱ्या किंवा त्यांच्यासाठी ग्राहक गोळा करणाऱ्या प्रत्येक एजंटाला परवाना घ्यावा लागतो. कायदा मालकाने पाळावा, खात्याने पाळावा, ॲपने पाळावा, असे प्रत्येक सभेत तावातावाने सांगणाऱ्या सभासदांपैकी किती जणांच्या भिंतीवर हा परवाना टांगलेला आहे? गणेशलक्ष्मीच्या तसबिरीशेजारी दुकान-आस्थापनेची नोंदणी असते, त्यापुढे काही नसते. ज्याच्याकडे स्वतःचा परवाना नाही त्याने बसमालकाकडे परवान्याची प्रत मागितली तर मालक हसतो, आणि त्याचे हसणे बरोबरच असते.

गणपतीची गर्दी आता दूर नाही. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, तेव्हा ज्या ग्राहकाला चतुर्थीपूर्वी दादरला पोचायचे आहे त्याला ती तारीख आजच कळवावी आणि बसचा विषय त्यानंतर काढावा. ज्याला बसनेच जायचे आहे त्याच्या तिकिटावर गाडीचा नोंदणी क्रमांक, परवान्याचा प्रकार, बांधणीचे मानक आणि उतरण्याचे नेमके ठिकाण हाताने का होईना लिहून द्यावे. ‘मुंबई’ हे उतरण्याचे ठिकाण नाही, सायन आहे, चेंबूर आहे, बोरिवली आहे. हे चार तपशील देण्यास जो मालक नकार देईल त्याची सीट विकू नये, दुसऱ्या एजंटानेही ती विकू नये, आणि विकलीच तर त्याचे नाव सभेत घ्यावे. त्याआधी, या अंकाची पाने बाजूला ठेवून, कलम ९३ च्या परवान्याचा अर्ज भरावा. पुढच्या मासिक सभेत व्यासपीठावरून बोलण्याची परवानगी त्या अर्जाची पोच दाखवणाऱ्यालाच द्यावी, अशी विनंती कार्यकारिणीकडे करण्यात येत आहे.