पॅलेस थिएटर पुन्हा उभे राहताना

ता. ८ ऑगस्ट १९२४ नव्हे, २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. शतकाचा हा फेर मुद्दाम सांगण्याचे कारण एवढेच, की त्या रात्री जे जळाले ते शंभर वर्षांहून जुने होते. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा. दर्शनी भाग उभा राहिला. रंगमंच, छप्पर व प्रेक्षागृह मात्र गेले. पुढे हे नाट्यगृह पूर्वी होते तसेच बांधण्याचे ठरले व कामही सुरू झाले. ही गोष्ट आनंदाची होय. परंतु ‘जसेच्या तसे’ या शब्दांत नेमके काय येते, याचा विचार रसिकांनीही केला पाहिजे.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले असता त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले. खासबागेत कुस्तीचे मैदान झाले, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून १९१३ ते १९१५ या काळात हे नाट्यगृह उभे राहिले. नाव पॅलेस थिएटर. एकीकडे मल्लाची कुस्ती, दुसरीकडे गवयाची तान, आणि दोहोंवर एकाच राजाचे छत्र! याच कोल्हापुरात संगीत नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या बाबूराव पेंटरांनी पुढे कॅमेरा हाती घेतला व १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली.

स्वातंत्र्यानंतर या वास्तूला ज्यांचे नाव दिले गेले ते केशवराव कोल्हापूरचेच. १९०८ साली हुबळीस त्यांनी ‘ललितकलादर्श’ स्थापन केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त ते धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

अशा वास्तूचे दगड पुन्हा रचता येतात, खुर्च्याही नव्या आणता येतात. पण ध्वनिक्षेपकावाचून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचावा, हा तिचा खरा लौकिक. छपराची उंची, लाकूड, भिंतींचा गिलावा यांत थोडा फरक पडला तरी तो हरपतो. तेव्हा नक्षीच्या आधी नादाची काळजी घेतली पाहिजे. दुसरे असे की, शतकपूर्तीच्या सुमारास या नाट्यगृहाचे नूतनीकरण झालेच होते. त्याला दहा वर्षे होतात न होतात तोच ते जळाले. आगीचे कारण काहीही असो, विजेच्या तारांची तपासणी, पाण्याची सोय व रात्रीचा जागता पहारा यांवाचून केलेली रंगरंगोटी व्यर्थ आहे, हा धडा विसरता कामा नये. तिसरे, हौशी मंडळींना परवडेल असे भाडे हवे. नाटक होत नसेल तर नाट्यगृहाची निव्वळ इमारत उरते.

हे सारे बडोद्यास बसून सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. सयाजीराव महाराजांनी गंधर्व नाटक मंडळीस आश्रय दिला. या गावाने नाटक मंडळ्यांचे मुक्काम पाहिले, त्यांच्या गप्पा आमच्या आजोबांनी आम्हांस ऐकविल्या. आपल्यापैकी अनेक घरांतील पेट्यांत जुनी हस्तपत्रके, छायाचित्रे, क्वचित मंडळीच्या हिशेबाची वही आजही वाळवीची वाट पाहत पडली असेल. एखाद्या जुन्या छायाचित्रातून रंगमंचाची महिरप नेमकी कशी होती ते कळते. या दिवाळीच्या साफसफाईत असे कागद रद्दीत घालण्यापूर्वी एकवार पाहावेत, व उपयोगी वाटल्यास त्यांची प्रत कोल्हापुरास पाठवावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

राजे गेले, राजाश्रयही गेला. आता हा आश्रय तुम्हाआम्हांसच द्यावयाचा आहे.