अमरावती की अकोला? वऱ्हाड बघायला येणारा पाहुणा उतरतो कुठे?

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला रस्त्याचं नाव थेट गिनीज बुकात गेलं. अमरावती जिल्ह्यातलं लोणी ते अकोला जिल्ह्यातलं माना या पट्ट्यात 75 किलोमीटरची डांबरी लेन 105 तास 33 मिनिटांत सलग टाकण्यात आली. त्याआधी कित्येक वर्षं हाच रस्ता खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध होता. आता ही दोन शहरं गाडीने दीड-दोन तासांवर आली आहेत. त्यामुळे एक जुना वऱ्हाडी वाद नव्याने रंगतो: बाहेरचा माणूस फिरायला आला, तर त्याने मुक्काम कुठे करावा?

वाद वरवर गमतीचा वाटतो. पण पर्यटक जिथे रात्र काढतो, पैसा तिथेच खर्च होतो. लॉज, टॅक्सी, खानावळ, गाईड ही सगळी साखळी मुक्कामावर चालते.

आधी अमरावतीची बाजू बघू, कारण कागदावर तीच जड आहे. जिल्ह्यात चिखलदरा आहे, विदर्भातलं महत्त्वाचं थंड हवेचं ठिकाण, उंची साधारण 1,100 मीटर. महाराष्ट्रात कॉफीची लागवड होते ती इथे. शेजारी मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे. 1973 मध्ये प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हा देशात जे पहिले नऊ प्रकल्प निवडले गेले, त्यात मेळघाट होता. गाविलगड किल्लाही इथलाच. 15 डिसेंबर 1803 ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. एवढी मोठी गोष्ट ज्या किल्ल्यावर घडली, तिथे आज पाहुण्याला ती सांगणारं कुणी भेटेलच असं नाही.

शहरात अंबादेवी आणि एकवीरेची मंदिरं आहेत, गाडगेबाबांची समाधी आहे. जिल्ह्यात मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम, रुक्मिणीचं माहेर मानलं जाणारं कौंडण्यपूर आणि महानुभावांचं रिद्धपूर. शिवाय गिला वडा. तो खाल्ल्याशिवाय अमरावती सोडू नये, यावर इथे कुणाचं दुमत नाही.

मग अकोल्याकडे काय आहे?

यादी छोटी आहे, पण पोकळ नाही. अकोट तालुक्यातला नरनाळा हा खरं तर विदर्भातला सगळ्यात देखणा किल्ला म्हणायला हवा. 1487 मध्ये बांधलेला त्याचा महाकाली दरवाजा, त्यावरची कमळं आणि लेख पाहायला माणूस तासभर थांबतो. बाळापूरला मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. श्रावणात राजराजेश्वराची कावड निघते तेव्हा गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन येणाऱ्या तरुणांनी अख्खं शहर जागं असतं. एरवी मात्र शहरात पाहुण्याला दाखवायला फारसं काही नाही. उन्हाळ्यात तर अकोल्याची बातमी होते ती तापमानामुळेच.

अकोल्याची खरी ताकद म्हणजे त्याचं स्टेशन. मुंबई-हावडा मुख्य मार्गावरचं हे जंक्शन. पूर्णा, नांदेडकडे जाणारी गाडी इथूनच वळते. अमरावतीचं स्टेशन मात्र फाट्यावर आहे, लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांसाठी दहा किलोमीटरवरचं बडनेरा गाठावं लागतं. म्हणून 'शेगाव, लोणारचं प्रवेशद्वार' ही ओळख अकोल्याला सांगता येते. यात एक गोम आहे. शेगाव बुलढाणा जिल्ह्यात आहे आणि त्याचं स्वतःचं स्टेशन त्याच मुख्य मार्गावर आहे. गजानन महाराजांच्या दर्शनाला निघालेला भाविक थेट शेगावलाच उतरतो. अकोला त्याला खिडकीतून दिसतं, तेवढंच.

विमानाच्या बाबतीत तर निकाल लागल्यासारखाच आहे. 16 एप्रिल 2025 ला अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. अकोल्याचं शिवणी विमानतळ त्याहून जुनं. पण धावपट्टी वाढवण्याचा प्रश्न जमिनीपाशी अडला, आणि त्यात कृषी विद्यापीठाची जमीनही आली. समृद्धी महामार्गही अमरावती जिल्ह्यातून जातो, अकोल्याला बगल देतो.

म्हणजे अमरावती जिंकली? इथे जरा थांबायला हवं.

मुंबई-पुण्याचा पर्यटक वाघ बघायला निघतो तेव्हा तो ताडोबाला जातो. मेळघाट डोंगराळ आहे, दऱ्या खोल आहेत, सागाचं जंगल दाट आहे, त्यामुळे वाघ सहज दिसत नाही. चिखलदऱ्याला गर्दी होते ती जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी, आणि ती मुख्यतः विदर्भातल्याच गाड्यांची. सकाळी येतात, भीमकुंड बघतात, मक्याचं कणीस खातात, संध्याकाळी परत. त्यांच्या फेरीतून सेमाडोह, हरिसालकडच्या कोरकू कुटुंबांपर्यंत काय पोहोचतं, हा अमरावतीने स्वतःला विचारायचा प्रश्न आहे. उत्तर म्हणून पुढे केला गेला तो सिडकोचा 407 मीटरचा काचेचा स्कायवॉक. वन्यजीव परवानग्यांत तो अडकला आणि त्याच्या तारखा पुढे पुढे जात राहिल्या. तो झाल्यावर फोटोसाठी गर्दी वाढेल यात शंका नाही. मुक्काम वाढेल का, ते वेगळं.

दुसरी गोष्ट नकाशावर बघा. नरनाळा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. जंगल एक, डोंगररांग एक, सातपुड्याची गाविलगड रांग. गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले बहमनी आणि इमादशाहीच्या इतिहासाने जोडलेले आहेत. जिल्ह्याची रेघ मधून गेली म्हणून एक किल्ला अमरावतीच्या माहितीपत्रकात आणि दुसरा अकोल्याच्या. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थळांतले 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात विदर्भातला एकही नाही. शिवकाळाशी जोडलेल्या त्या यादीत या किल्ल्यांना जागा मिळणं कठीणच होतं. त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती वऱ्हाडालाच सांगावी लागेल.

एकेकाळी हे दोन जिल्हे जोडणारी एक गाडीही होती. मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला. मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात, अचलपूर अमरावतीत. ती बंद आहे. अकोला-खंडवा मीटरगेज मेळघाटातून जायची. तिचं ब्रॉडगेज अकोटपर्यंत आलं, आणि वन्यजीवांसाठी पुढचा मार्ग जंगलाबाहेरून नेण्याचं ठरलं. जंगलाच्या दृष्टीने ते बरोबरच झालं.

तेव्हा पाहुण्याला खरा सल्ला द्यायचा तर असा: रेल्वेने या, अकोल्याला उतरा, अकोटमार्गे पहिला दिवस नरनाळ्याला द्या. मग अंजनगाव, परतवाडा करत चिखलदऱ्याला चढा आणि तिथे दोन रात्री राहा. उतरताना अमरावतीत अंबादेवीचं दर्शन घ्या, गिला वडा खा आणि बडनेऱ्याहून परतीची गाडी पकडा. फक्त नरनाळ्याला जाताना प्यायचं पाणी भरपूर घ्या.