भीतीच्या खेळाला 'स्टॉप'ची कळ हवी

"डॉक्टर, मुलाच्या छातीत धडधडते. रात्री दचकून उठतो, एकटा मोरीतसुद्धा जात नाही. हार्टचे तर काही नाही ना?" शाळांना सुट्ट्या लागल्या की हा प्रश्न घेऊन येणारे पालक हल्ली हमखास दिसतात. मी मुलाला तपासतो, छाती ऐकतो, रक्त कमी आहे का ते पाहतो. थायरॉईडची शंका आली तर तपासणी करायला सांगतो. हे सगळे ठीक निघाले की मुलाला विचारतो, "मोबाइलवर कोणता गेम खेळतोस रे?" पुष्कळदा उत्तर एकच येते : अंधारी बोळे, बंद दारे आणि मागे लागलेला कोणीतरी.

यावर पालकांची दोन टोके असतात. काही म्हणतात, "गेमच आहे, त्यात काय घाबरायचे?" काही तिथेच मोबाइल फोडायला निघतात. मला ही दोन्ही टोके चुकीची वाटतात. का, ते सांगतो.

हा खेळ आजचा नाही. १९८१ साली इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीने 'झेडएक्स ८१' नावाचा छोटा घरगुती संगणक विक्रीला आणला. (याच कंपनीचा पुढचा संगणक 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातही विकला जात होता.) त्याला रंग नव्हते, आवाज नव्हता. पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा आणि खेळ कॅसेटवरून भरायचा. स्मरणशक्ती फक्त १ किलोबाइट! वरून एक डबी जोडली की ती १६ किलोबाइट होई. आपल्या व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही याहून कितीतरी मोठा असतो. एवढ्याशा जागेत माल्कम इव्हान्स या प्रोग्रॅमरने '३डी मॉन्स्टर मेझ' हा भुलभुलैयाचा खेळ बसवला आणि १९८२च्या सुरुवातीला तो बाजारात आला. भिंतींच्या बोळांतून वाट शोधत बाहेर पडायचे. आत रेक्स नावाचा एक डायनोसॉर फिरत असतो, त्याच्या तावडीत सापडायचे नाही. इतकाच खेळ.

इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या मावसभावाने लहानपणचा तो संगणक जपून ठेवला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने मला खेळायला बसवले. पडद्यावर काळे-करडे ठोकळे. मनात म्हटले, याला कोण घाबरणार! पण पावले जवळ येत आहेत अशा अर्थाची एक ओळ खाली उमटली आणि माझी बोटे अडखळली. वळलो, तर समोर दातांचा जबडा. खेळ संपल्यावर सवयीने मनगट धरले. एरवी ७४ असणारी नाडी १०२ झाली होती. पन्नाशी उलटलेल्या डॉक्टरची ही अवस्था!

असे का होते? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक अॅड्रिनल ग्रंथी असते. धोक्याची चाहूल लागली की ती अॅड्रिनॅलिन रक्तात सोडते. हृदय जोरात चालते, हातापायांच्या स्नायूंकडे रक्त धावते, बाहुल्या मोठ्या होतात, तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम फुटतो. पळण्याची किंवा लढण्याची ही तयारी विचाराची वाट पाहत नाही. वाघ खरा की चित्रातला, याची चौकशी करीत बसणारा आदिमानव वाघाच्या पोटात गेला असता. 'अरे, हे खोटे आहे' असे विचार करणारा मेंदू क्षणभर उशिरा सांगतो, आणि मग जीव भांड्यात पडतो. त्या सुटकेची गंमत वाटते, म्हणून पुन्हा खेळावेसे वाटते. सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांत मात्र हा समजावणारा आवाज कच्चा असतो. त्यांच्यासाठी पडद्यावरचा राक्षस घरातच आलेला असतो.

दुसरे कारण खेळाच्या रचनेत आहे. १९८०च्या 'पॅकमॅन'मध्ये सगळा नकाशा वरून दिसे, भूत कुठे आहे ते कळे. इथे आपण आतल्या माणसाच्या डोळ्यांनी बघतो. पाठीमागे काय आहे ते दिसत नाही आणि भीती त्या न दिसणाऱ्या जागेत राहते. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे सांगायला नको. रात्री शेतातून येताना 'चकवा' लागतो, माणूस पहाटेपर्यंत त्याच त्या बांधाला फेऱ्या घालतो, या गोष्टी नगर जिल्ह्यातल्या किती घरांत सांगितल्या गेल्या असतील! आम्हीही त्या ऐकल्या, घाबरलो आणि आजीच्या कुशीत झोपलो. त्याने आमचे काही बिघडले नाही. उलट, भीती वाटते आणि ओसरतेही, हे शरीराने शिकून घेतले. म्हणून भीतीचा खेळ मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही.

मग बिघडले कुठे? त्या जुन्या खेळाच्या सुरुवातीला एक विदूषक सर्कशीच्या दारावरच्यासारखी सूचना देतो : आत जाणाऱ्याच्या तब्येतीची जबाबदारी आमची नाही, भित्र्या स्वभावाच्या माणसांसाठी हा खेळ नव्हे, शंका असेल तर 'स्टॉप' दाबा. गमतीने दिलेली असली तरी वैद्यकीयदृष्ट्या ही उत्तम सूचना आहे. शिवाय खेळाला आपोआप लगाम होते. कॅसेट भरायला मिनिटे लागत, एक डाव लवकर आटपे, टीव्ही बैठकीच्या खोलीत असे आणि बातम्यांची वेळ झाली की वडील तो मागत. आजचा खेळ मुलाच्या पांघरुणात असतो, कानात हेडफोन असतो, वेळ मध्यरात्रीची असते आणि शेवट कधी येतच नाही. गोष्टीतला चकवा तोच आहे. फक्त शेजारची आजी उठून गेली आहे.

एक अकरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. घरच्यांनी दृष्ट काढली होती, दंडाला दोरा बांधला होता, नंतर ईसीजीही काढला होता. सगळे नॉर्मल. वडील एमआयडीसीत रात्रपाळीला जात. मुलगा बारा-एकपर्यंत असा गेम खेळे, मग झोप येत नसे आणि हे सांगावे तर मोबाइल जाईल ही आणखी एक भीती. मी औषध लिहिले नाही. वडिलांना सांगितले, "रविवारी दिवसाउजेडी त्याच्याशेजारी बसून तुम्ही खेळा." वडील तीनदा हरले, मुलगा पोट धरून हसला. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात राहू लागला. महिन्याभरात मुलगा शांत झोपू लागला.

पालकांनी एवढे पाळावे. सात वर्षांखालच्या मुलांना असे खेळ देऊच नयेत. मोठ्या मुलांनी ते दिवसा, घरातल्या माणसांत, हेडफोनशिवाय खेळावेत आणि झोपण्यापूर्वी तासभर पडदा बंद असावा. पडद्यावर जग फिरते पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला शरीर स्थिर वाटते, त्यामुळे काहींना मळमळते. अशा वेळी खेळ लगेच थांबवावा. फिट येत असेल किंवा घरात कुणाला येत असेल, तर लखलखाट असलेले खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये 'पोकेमॉन' कार्टूनमधल्या लखलखाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

प्रत्येक धडधड खेळाची नसते, हेही लक्षात ठेवा. पळताना चक्कर येणे, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, धाप लागणे असे असेल तर आधी तपासणी करावी. खेळावर ताबाच राहिला नाही, अभ्यास-जेवण-मित्र सगळे मागे पडले, नुकसान दिसूनही खेळ सुटत नाही आणि हे साधारण वर्षभर चालले आहे, तर तो आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही मदतीला आहे.

मुलाने घाबरूच नये, असा हट्ट धरू नका. भीती वाटल्यावर कुणाला हाक मारायची आणि 'स्टॉप' कधी दाबायचे, हे त्याला ठाऊक असले म्हणजे पुरे. ती हाक ऐकू येईल इतके जवळ आपण असावे.