तेवीस किलोंचा हिशेब

आपल्याकडे मूल शिकायला परदेशी निघाले की घरात आधी वजनकाटा येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात पुण्या-मुंबईतल्या, आणि हल्ली नाशिक-कोल्हापुरातल्याही, कितीतरी दिवाणखान्यांत हे दृश्य दिसते. मधोमध उघडी बॅग. भोवती कुकर, पोळपाट-लाटणे, गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, दोन वर्षे पुरतील इतके बनियन आणि एक भलीमोठी औषधांची पिशवी. वडील हुकाचा काटा लावून बॅग उचलतात, आई श्वास रोखून आकडा विचारते आणि तेवीस किलोंच्या वर अर्धा किलो भरले की भाजणीला घरीच राहावे लागते. ‘तिकडे सगळे महाग’ हे या खटाटोपामागचे सूत्र.

या बॅगेची मला चेष्टा करायची नाही. कुकर जरूर न्यावा, तो तिथे पहिल्या आठवड्यापासून पैसे वाचवतो. (दुबई किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांनी मात्र अनारसे नेऊ नयेत. खसखस ही तिथे बंदी असलेली वस्तू आहे.) माझी तक्रार वेगळीच आहे. बॅगेवर आठवडाभर चर्चा होते आणि ज्या रकमेवर घराची पुढची दहा वर्षे अवलंबून असतात तिच्यावर अर्धा तास, तोही मूल बाहेर गेलेले असताना. मुलांसमोर पैशाचे बोलू नये, हा आपला जुना मध्यमवर्गीय संकोच. बँकेच्या परकीय चलन विभागात मी काही वर्षे काढली असल्याने ओळखीची मंडळी निघायच्या महिनाभर आधी कागद घेऊन येतात. तोवर बरेचसे पैसे गळून गेलेले असतात.

एक काळ असा होता, की परदेशी जाणाऱ्याला अवघे आठ डॉलर नेता येत. १९९१ साली तर देशाची परकीय चलनाची गंगाजळी इतकी आटली, की सोने गहाण टाकावे लागले. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५ हजार डॉलर पाठवण्याची मुभा दिली, ती मर्यादा आज अडीच लाख डॉलर आहे. दार उघडले, पण चलन विकत घेताना घासाघीस करायची असते, ही सवय काही आपल्याला लागली नाही.

उदाहरणादाखल जर्मनी घेऊ. पुण्यातल्या अभियंत्यांची वाट आज तिकडे बरीच वळली आहे आणि ‘तिथे शिक्षण फुकट’ असा समज इथे पक्का आहे. तो अर्धाच खरा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. पण स्टुटगार्ट, कार्ल्सरूहे, हायडेलबर्ग ज्या राज्यात आहेत, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो पडतात. खासगी महाविद्यालये तर भरपूर घेतात, आणि एजंट नेमकी तीच सुचवतात. अर्ज स्वतः केला तर खर्च मोजका आहे. भारतीयांना आवश्यक असलेल्या एपीएस प्रमाणपत्राचे १८ हजार रुपये आणि जी विद्यापीठे ‘युनि-असिस्ट’मार्फत अर्ज घेतात त्यांच्यासाठी पहिल्या अर्जाचे ७५, पुढच्या प्रत्येकाचे ३० युरो. अभ्यासक्रमांची यादी डीएएडी ही जर्मन विद्यापीठांची संस्था फुकट देते.

मोठी रक्कम असते ती ‘ब्लॉक्ड अकाउंट’ची. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे आधीच तिथल्या खात्यात ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो झाला. ही फी नव्हे, पैसे विद्यार्थ्याचेच असतात, दरमहा ९९२ युरो त्याच्या हाती पडतात. पण ते पाठवताना दर कोण पाहतो? वर्तमानपत्रात छापून येतो तो दर आणि बँक आपल्याला लावते तो दर यांत अंतर असते, आणि ते अंतर पावतीवर ‘शुल्क’ म्हणून लिहिलेले नसते. युरोमागे दोन रुपये जास्त गेले तर या एका व्यवहारात २३,८०८ रुपये गेले. त्यात तेवीस किलोंच्या किती बॅगा बसतात ते ज्याचे त्याने पाहावे. दोन-तीन बँकांना आणि एखाद्या अधिकृत चलन विक्रेत्याला त्याच दिवशी, त्याच तासाला दर विचारावा आणि मिळालेला दर सांगून कमी करून मागावा. मंडईत जे करतो तेच. बँका ऐकतात, मी स्वतः ऐकलेले आहे.

तसाच प्रकार कार्डाचा. इथले क्रेडिट कार्ड तिथे वापरले की दोन ते साडेतीन टक्के जास्त कापले जातात. आणि तिथले यंत्र ‘रुपयांत देणार का?’ असे प्रेमाने विचारते तेव्हा युरोच निवडावेत. रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो, पण महाग पडतो.

कराचाही एक मुद्दा आहे. परदेशी रक्कम पाठवताना बँक जो टीसीएस घेते (कंपनी नव्हे, कर), त्याची मर्यादा एप्रिल २०२५ पासून माणशी आर्थिक वर्षाला दहा लाखांपर्यंत वाढली. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर तो लागत नाही. कापला गेलाच तर विवरणपत्र भरून परत मागता येतो, हे कित्येक निवृत्त पालकांच्या गावीही नसते.

तिथे पोचल्यावर खरा खड्डा पहिल्या तीन महिन्यांत पडतो. जर्मन जाहिरातीत भाडे दोन प्रकारचे असते, ‘थंड’ आणि ‘उबदार’. थंड भाड्यात हीटिंग वगैरे धरलेले नसते, त्यामुळे स्वस्त खोली म्हणून उडी मारणारा फसतो. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा कायदेशीर हक्क भाडेकरूला आहे. घर पाहण्याआधी अनामत मागणारा बहुधा लबाड असतो. आपल्याकडे पूर्वी आकाशवाणी-दूरदर्शनसाठी असे तशी तिथे एक फी आहे, महिना १८.३६ युरो, पण ती घरामागे असते, डोक्यामागे नाही. चौघांनी मिळून घर घेतले तर एकानेच भरायची.

आता मुख्य गोष्ट. एवढे पैसे येतात कुठून? बहुतेक घरांत भविष्य निर्वाह निधीतून. ‘त्याच्यासाठीच तर साठवले’ असे वडील म्हणतात आणि आई मान डोलावते. मला हे पटत नाही. मुलाला कर्ज मिळते, साठीनंतरच्या औषधपाण्याला कोणी कर्ज देत नाही. कर्ज मुलाच्या नावावर असावे आणि त्याचा तक्ता त्याच्या समोर असावा. दहा लाख एकदम उचलले आणि व्याज दहा टक्के धरले, तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढचे सवलतीचे एक वर्ष मिळून तीन लाख व्याज साचते. आईवडिलांना मदत करायचीच असेल तर निधी न मोडता हे व्याज, महिना सुमारे ८,३०० रुपये, भरत राहावे. काही बँका त्याबद्दल दरात सवलतही देतात.

वीस-बावीस वर्षांच्या मुलाला हे सांगितले तर तो खचेल, अशी भीती असते. माझा अनुभव उलट आहे. आकडा ठाऊक असलेली मुले तिथे पहिल्याच महिन्यात गाडीचा विद्यार्थी-पास शोधतात, पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचे पंचवीस-पंचवीस सेंट परत घेतात, आणि विद्यार्थ्यांना कायद्याने मिळालेले वर्षाचे १४० दिवस काम परीक्षांशी जुळवून घेतात. ज्यांच्यापासून आकडा लपवलेला असतो ती घरी फोनवर ‘सगळे ठीक’ सांगतात आणि उपाशी राहतात, किंवा उधळतात.

एका ओळखीच्या बाईंनी मुलगी जाण्याआधी एक वेगळीच ठेव केली. रक्कम एका तातडीच्या परतीच्या तिकिटाची, नाव दोघींचे, आणि मुलीला स्पष्ट सांगितले, की आमच्यापैकी कोणाचे बरेवाईट झाले तर, किंवा तुला तिथे सोसवेनासे झाले तर, ही मोडायची, विचारायचे नाही. ठेव अजून तशीच आहे. दरवर्षी त्या ती नव्याने करतात, आणि तिकिटाचे दर वाढले की त्यात थोडी भर घालतात.